डॅशबोर्डमागचं जोडवं

आई गेल्यावर मला रडू आलं नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. माणसं यायची, सतरंजीवर बसायची, कसं झालं म्हणून विचारायची आणि मी तेच तेच सांगायचो. सकाळी चहा ठेवायला उठली, ओट्याला टेकून खाली बसली ती पुन्हा उठली नाही. सांगून सांगून ते मला दुसऱ्याच कुणाच्या घरातलं वाटायला लागलं होतं. जेवायला वाढलं की जेवत होतो, डोकं भादरायला बसवलं तेव्हा मुकाट्यानं बसलो. भीमाबाई आत्या येता-जाता माझ्याकडं बघून म्हणायची, पोराचं काळीज दगडाचं हाय. असेल बाई, दगडाचं असेल, मी काय करू?

दहाव्याला आम्ही पेडगावला भीमेच्या काठावर गेलो. आमच्यात बाया येतात दहाव्याला, पण माझी बायको सविता स्वयंपाकासाठी मागं राहिली होती. पिंड मांडून झाले, सगळे मागं सरले आणि वर बघत उभे राहिले. समोरच्या बाभळीवर एक कावळा बसलेला होता. तो काही खाली येईना. ऊन चढत होतं, माझं भादरलेलं डोकं तव्यासारखं तापलेलं. आप्पासाहेब चुलते सगळ्यांना म्हणायला लागले, बोला रे, कुणाचं काय राहिलं असंल तर बोला, तिचा जीव कशात तरी अडकलाय.

मग एकेक जण पुढं झाला. चुलत्यांनी सांगितलं की तुझी म्हैस आम्ही विकणार नाही. आत्यानं सांगितलं की तुझी सून मी लेकीसारखी बघीन. कल्यान, तू बोल, म्हणत मला पुढं ढकललं तेव्हा मी म्हणालो, अण्णांना मी सांभाळतो. कावळा बाभळीवर चोच घासत बसला. सांभाळणं म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक असावं. गुरुजी कंटाळले, घड्याळात बघून त्यांनी दर्भ वळायला घेतला. कावळा शिवला नाही की शेवटी दर्भाचाच कावळा करून लावतात.

तेव्हा अण्णा पुढं आले. इतका वेळ ते टोपी हातात धरून नदीकडं बघत उभे होते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "तुझं गाडीतलं काढून देतो."

कावळा खाली आला.

आता मला विचाराल तर त्याला भूक लागली असेल. पण एवढी माणसं तिथं होती, त्यातल्या कुणालाही असं वाटलं नाही. सगळे हात जोडून उभे राहिले, आत्या ओक्साबोक्शी रडली. परतीच्या वाटेवर जो तो विचारायला लागला, गाडीतलं म्हणजे काय? अण्णा कुणालाच काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मला गोठ्यामागं बोलावलं आणि सांगितलं की उद्या गाडीचा डॅशबोर्ड काढायचा. आत तुझ्या आईचं जोडवं पडलंय. बायांना सांगू नको, उगा चर्चा करत्याल.

अण्णांची गाडी म्हणजे ॲम्बेसेडर. अण्णा कारखान्यात ड्रायव्हर होते, चेअरमनसाहेबांची गाडी चालवायचे. आमच्या घरात त्यांचं एकच शास्त्र चालायचं, की ड्रायव्हरनं समोर बघावं. शेजारी कोण बसलंय, मागं काय चाललंय, तिकडं मान वळवायची नाही. हे त्यांनी गाडीतच नाही, घरातही पाळलं. जेवताना समोरच्या भिंतीकडं बघून जेवायचे. आई काही बोलली तर भिंतीलाच हूं म्हणायचे. भांडण नाही, मारणं नाही, दारू नाही, सगळ्या गावात आईचं नशीब चांगलं म्हणायचे. असेल.

माझ्या वेळी आईला कळा सुरू झाल्या तेव्हा साहेबांनी गाडी न्यायला सांगितलं आणि अण्णांनी तिला पुढं बसवून नगरला नेलं. पाय सुजून जोडवं बोटात रुतत होतं, म्हणून आईनं वाटेत ते काढलं आणि समोर डॅशबोर्डवर ठेवलं. खड्डा आला. त्या गाडीत काचेच्या बुडाशी एक लांब फट असते, हिटरची हवा काचेवर यावी म्हणून. आपल्याकडं हिटर कोण लावतंय, फट मात्र तशीच राहते. जोडवं त्या फटीतून आत गेलं. हे सगळं मला अण्णांनी गोठ्यामागं सांगितलं. मी पोटात होतो, मला कसं ठाऊक असणार?

साहेबांची गाडी उघडायची कशी, म्हणून तेव्हा ते राहिलं. अण्णांनी आईला दुसरी जोडवी घेऊन दिली. पुढं कारखान्यानं गाडी लिलावात काढली आणि अण्णांनीच ती घेतली. अण्णांना गावात काकासाहेब म्हणतात; गावाला वाटलं, काकासाहेबाला रुबाब करायचाय. आई तेव्हा म्हणाली, आता तर आपली झाली, आता काढा की माझं. अण्णा म्हणाले, कुठं पळून जातंय? त्यानंतरही ती अधूनमधून म्हणायची आणि अण्णांचं उत्तर तेच. मग म्हणायची थांबली. का थांबली, हे अण्णांनी कधी विचारलं नाही.

"शब्द दिलाय मी," अण्णा मला म्हणाले. "तेराव्याच्या आत ते घावलं पायजे. पान्यात सोडीन, मगच गोड घास तोंडात घालीन."

म्हणजे तेराव्याला सगळं गाव गोड जेवणार आणि घरचा कर्ता पान झाकून बसणार. दुखवटा फिटायचा नाही, पाहुण्यांना तोंड दाखवायची सोय राहायची नाही. आणि अण्णा बोलल्याप्रमाणं करणारे. ते उपाशी राहतील, वर्षभर गोड खाणार नाहीत, मेले तरी खाणार नाहीत. माझं काम हेच आहे, तेव्हा मी म्हणालो, काढतो. कर्जत रस्त्याला माझं गॅरेज आहे, पिकअप आणि ट्रॅक्टर येतात. उसाच्या हंगामात तर श्वास घ्यायला फुरसत नसते. पण या गाडीला अण्णांनी मला कधी हात लावू दिला नव्हता. हवासुद्धा स्वतः भरायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाखाली गाडी घेतली. आत्या ओट्यावरून बडबडायला लागली, अजून तेरावं व्हायचंय आणि ह्यानं पाने बाहेर काढले. आधी बॅटरीची वायर सोडली. मग डॅशबोर्डवरचा सिद्धटेकचा गणपती काढून अण्णांच्या हातात दिला. इतकी वर्षं दर दसऱ्याला आईनं तिथं हळदकुंकू वाहिलं होतं, त्याचा थर पत्र्याला धरून बसला होता. अण्णांनी तो नखानं खरवडून बघितला आणि तसाच ठेवला.

मीटरमागची केबल सोडली, चोकची तार ओढून घेतली, दिव्यांची बटणं काढली. जुन्या वायरी ताठ झालेल्या, हात लावला की वरचं रबर गळायचं. एकेकीला चिकटपट्टी लावून खुणा करत गेलो. परत बसवताना हॉर्न दाबल्यावर वायपर चालायला नको. अण्णा पलीकडच्या दारात उभं राहून बघत होते. एरवी मी कुणाला असं डोक्यावर उभं राहू देत नाही, गिऱ्हाइकाला सरळ चहा प्यायला पाठवतो. त्या दिवशी काही वाटलं नाही. काहीच वाटत नव्हतं, तर राग तरी कुठून येणार?

राग आला तो डावीकडच्या स्क्रूंना. तिकडचा खण निघेना. बघतो तर स्क्रूंच्या खाचा पार कुरतडून टाकलेल्या, कुणीतरी भलत्याच हत्यारानं फिरवलेल्या. आणि कोपऱ्यातला एक स्क्रू नव्हताच. त्याच्या जागी केसांचा काळा आकडा दुमडून खुपसलेला. मी म्हणालो, कुण्या गाढवानं उघडलंय हे? अण्णांना ते लागलं. म्हणाले, माझ्याशिवाय ह्या गाडीला कुनाचा हात न्हाई. मग हा आकडा तुम्ही लावला का, असं विचारलं तर वाकून आकड्याकडं बघायला लागले. कारखान्याच्या गॅरेजात कुणीतरी उघडलं असेल, असं आमचं दोघांचं ठरलं. कारखान्याच्या गॅरेजात केसांचा आकडा कुठून आला, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुपारपर्यंत डॅशबोर्ड निघाला. तो बाजेवर उलटा ठेवला. त्याच्या मागचं म्हणजे नुसता मातीचा ढीग होता. कुंभारमाशीची घरं, उंदरानं केलेला कापसाचा गोळा, चिंचोके, एसटीचं तिकीट, साहेबांच्या पेनाचं टोपण. फटीतून पडलेलं सगळं ज्या पन्हाळीत साचतं, ती मी हातानं खरडून काढली. अण्णांनी घरातून पिठाची चाळणी आणली. आत्यानं डोक्याला हात लावला. अण्णा गाडीच्या पलीकडं खाली बसून ती माती मूठ-मूठ चाळायला लागले आणि राहिलेलं ताटलीत ठेवायला लागले. जोडवं नव्हतं.

पुन्हा बघ म्हणाले. मी पुन्हा बघितलं. टॉर्च घेऊन पायाकडच्या जागेत पाठीवर आडवा झालो, डोकं आत, पाय दाराबाहेर. मॅटिंग उचकटून बघितलं, सायलेन्सर गरम होतो तिथं पत्र्याला पडलेल्या भोकात बोट घालून बघितलं. कधीतरी खाली रस्त्यावर पडलं असणार. नगर ते श्रीगोंदा कुठल्याही खड्ड्यात. हे अण्णांना सांगायचं कसं, याचा मी विचार करत होतो. पलीकडून चाळणीचा आवाज येत होता, चाळून झालेली माती ते परत चाळत होते.

सविता चहा घेऊन आली. मला तिचे फक्त पाय दिसत होते, घोट्यापर्यंत. तिनं विचारलं, काय शोधताय सकाळपासून, सांगाल तरी. मला आता लपवाछपवीचा कंटाळा आला होता.

"जोडवं," मी म्हणालो. "आईचं. माशाच्या नक्षीचं. ते आत पडलंय म्हणून अण्णांनी कावळ्याला शब्द दिलाय."

मी तिच्या पायांकडं बघत पडलो होतो. उजव्या पायातल्या जोडव्याला दोरा गुंडाळलेला होता, ढिलं होऊन निसटू नये म्हणून. दोरा मळून काळा झालेला. बरेच दिवसांचा असणार.

"ते आत्याबाईंच्या पायात हुतं," सविता म्हणाली. आईला ती आत्याबाई म्हणायची.

मी म्हणालो, कुठलं?

"तेच. डाव्या पायात, दुसऱ्या जोडव्याच्या मागं. माशाचं, झिजून पातळ झाल्यालं. शेवटची आंघूळ घातली तवा मी पुसलं की. मावश्या म्हनल्या ऱ्हाऊ दे, सवाशीन गेलीय, सगळं अंगावर ऱ्हाऊ दे."

मग तिनं बाकीचं सांगितलं. आईच्या गुडघ्यांना तेल लावताना तिनं कधीतरी विचारलं होतं, की ह्या एका पायात दोन आणि त्यातलं हे वेगळंच कसं? आईनं हसत सांगितलं होतं. अण्णा एकदा पाहुण्यांच्या लग्नाला एसटीनं गेले होते आणि गाडी दारात होती. तेव्हा सुरीच्या टोकानं स्क्रू काढून, हात घालून तिनं ते बाहेर काढलं. एक स्क्रू गवतात पडला तो सापडला नाही, म्हणून डोक्याचा आकडा काढून लावला. हे सविता घरात यायच्या आधीचं. तेव्हापासून ते पायातच होतं.

मी विचारलं, मग अण्णांना सांगितलं का नाही?

"मीबी तेच इचारलं. तर म्हनल्या, सांगायचं कशाला? पायातच हाय, दिसंल की त्यास्नी कवातरी."

पलीकडची चाळणी थांबली होती. मला तेव्हा कळलं की अण्णा ऐकत होते. मी तसाच आडवा राहिलो. बाहेर निघायला हवं होतं, पण निघून त्यांच्या तोंडाकडं बघायचं मला धाडस झालं नाही. दर दिवाळीला मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. तिला उचलायच्या आधीही ठेवलं होतं, सगळ्यांच्या आधी. डोकं ठेवताना माणूस डोळे मिटतो.

अण्णांनी सविताला विचारलं, डाव्या पायात का? ती व्हय म्हणाली. मागं का पुढं? ती म्हणाली, मागं. अण्णांनी मान हलवली असावी.

"मी समोर बघत ऱ्हायलो," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "बसव परत."

बसवायला संध्याकाळ झाली. चिकटपट्ट्या बघून वायरी जोडल्या, केबल लावली, चोकची तार ओवली. माझ्या डब्यात त्या मापाचा नवा स्क्रू होता. मी तो डावीकडच्या कोपऱ्यात धरला तेव्हा अण्णांनी माझा हात बाजूला केला. ताटलीतून केसांचा आकडा उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि माझ्या हातात दिला. मी तो होता तसा दुमडून बसवला. गणपती त्याच्या जागी ठेवला. चावी दिली, गाडी चालू झाली, हॉर्नला हॉर्नच वाजला. मला त्याचं काही वाटलं नाही. सविताच्या पायातला दोराही मी बघितला होता आणि त्याचंही मी काही बोललो नव्हतो.

तेराव्याला मांडव भरला. आत्यानं भर पंगतीत विचारलंच, काय रे काकासाहेब, घावलं का वैनीचं जे काय हुतं ते? मला वाटलं, आता अण्णा पान सारून उठतील. वाढणारे थांबले. आप्पासाहेब चुलत्यांनी घास हातात धरून ठेवला.

अण्णा म्हणाले, घावलं. कुठं हुतं, असं आत्यानं विचारलं. तर म्हणाले, तिच्यापाशीच हुतं, आदीच पान्यात गेलं तिच्यासंगं. आत्याला काही उमगलं नाही, पण पुढं विचारायची तिची छाती झाली नाही. अण्णांनी लापशीचा घास घेतला. तो तोंडात घोळवत राहिले. पाणी पिऊन गिळला.

सविता पंगतीत लापशी वाढत आमच्यापर्यंत आली. अण्णांच्या समोर भिंत होती, नेहमीसारखी. त्यांनी भिंतीकडं बघितलं नाही. मान खाली घालून ते तिच्या पायांकडं बघत राहिले, इतका वेळ की ती अवघडून पदर सारखा करायला लागली.

"पोरी," अण्णा म्हणाले, "तुझं उजव्या पायातलं ढिलं झालंय. दोऱ्यावर किती दिस चालवशील? कल्यानला सांग, नवीन घिऊन दील."

सविता हो म्हणाली आणि पुढच्या पानाकडं वळली. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं असतं तर तिनंही म्हटलं असतं, दिसंल की त्यांना कधीतरी. ते मला तिथं बसल्या बसल्या लख्ख कळलं, आणि मग मला आई आठवली. ओट्याला टेकून खाली बसलेली नाही, तर पाय पसरून बसलेली, समोर जेवणाऱ्या माणसाकडं बघत, आज बघतो का म्हणून. घास हातातच राहिला. मी भरल्या पंगतीत हमसून हमसून रडायला लागलो. चुलत्यांनी पाठीवर हात ठेवला, कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला.

आत्या म्हणाली, रडू द्या त्याला. पोराला आई आठवली एकदाची.